जुन्या मारुती ८००चा डावा ब्रेक लाईट बल्ब बदलूनही लागत नाही. गॅरेजवाला पूर्ण वायरिंग बदलायला सांगतोय. बदलावी का?

नाही. अजिबात बदलू नका.

त्याने हे सांगण्याआधी टेस्ट लॅम्प (वायरीत करंट येतोय का ते दाखवणारा साधा दिवा) हातात घेतला होता का, एवढं फक्त आठवून बघा. घेतला नसेल तर गाडी घेऊन सरळ घरी या.

तुम्ही लिहिलंय की गाडी २००४ची आहे, डावा टेल लाईट रात्री बऱ्यापैकी लागतो, पण ब्रेक दाबला की त्या बाजूचं सगळंच मंद होतं आणि इंडिकेटरसुद्धा मिणमिणतो. मग राहिलं काय? अर्थिंग गेलंय, म्हणजे बल्बातून करंट बॉडीमार्गे बॅटरीकडे परत जायची जोडणी. ब्रेकचं फिलामेंट २१ वॉटचं, टेलचं ५ वॉटचं. पाच वॉटला गंजलेल्या अर्थातूनही भागतं, एकवीसला भागत नाही. परतीचा रस्ता बंद दिसला की करंट शेजारच्या बल्बांतून वाट काढतो, म्हणून नको तो दिवा पेटतो. होल्डरच्या पत्र्याला एक सुटी वायर लावा, तिचं दुसरं टोक बॉडीवर रंग खरवडलेल्या जागी घट्ट धरा आणि कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. दिवा लख्ख लागला तर दुखणं सापडलं. डिकीत त्या बाजूची अर्थाची वायर जिथे स्क्रूने आवळलेली असते ती जागा पॉलिश पेपरने घासा, स्क्रू आवळा, वर बोटभर व्हॅसलीन लावा. पंधरा हजारांच्या वायरिंगशी याचा काही संबंध नाही.

तुमच्या प्रश्नाला खरं तर एवढं पुरे. पण शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘वडील म्हणतात त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं, तो म्हणतोय तसं करून टाक.’ हे वाचल्यावर मला गप्प बसवेना, कारण अगदी हेच मी आमच्या दाजींकडून ऐकलंय, तेही ताईच्या आणि तिच्या सासूबाईंच्या समोर.

आमची गाडी १९९९ची. आप्पांनी रिटायर झाल्यावर घेतलेली. आम्ही चिपळूणचे, दाजी कराडचे. एका वर्षी दिवाळीच्या आसपास दाजींनी गाडी काही दिवस वापरायला नेली आणि परत दिली ती सजवून. मागच्या काचेला आतून लाल एलईडीची पट्टी, ब्रेक दाबला की लुकलुकणारी. रिव्हर्सला भक्तिगीत. आप्पांना भक्तिगीत फार आवडलं, त्यामुळे मी काही बोलले नाही.

मग पावसाळ्यात कुंभार्ली घाट उतरताना धुकं दाटलं आणि हॉर्न वाजेना. मला वाटलं पाण्याने हॉर्न बसला. पोफळीला चहाला थांबलो तर मागून येणारा ट्रकवाला खाली उतरून माझ्याकडेच आला. म्हणाला, ‘ताई, तुमचे ब्रेक लाईट एकही लागत नाहीत. वळणावर मी जवळजवळ चढलोच होतो तुमच्यावर.’ हॉर्न नाही आणि ब्रेक लाईटही नाहीत म्हणजे फ्यूज. बऱ्याच जुन्या गाड्यांत दोघांना एकच असतो. फ्यूज घातला, दोन्ही चालू झालं. घरी पोचेपर्यंत पुन्हा गेला.

पुढे काही दिवस तेच. फ्यूज घाला, कधी तासाभरात जातो, कधी दोन दिवस टिकतो. कराडला ताईकडे गेले तेव्हा दाजींनी त्यांच्या ओळखीच्या गॅरेजात गाडी नेली. तिथल्या माणसाने आधी पेडलवरचा ब्रेक स्विच बदलला. (स्विच खराब झाला तर दिवा लागत नाही किंवा बंद होत नाही; फ्यूज सारखा उडवायचं काम सहसा त्याचं नसतं. पण बदलला.) तरी फ्यूज गेला. मग म्हणाला, गाडी जुनी झाली, वायरिंग आतून सडलीय, पूर्ण बदलावी लागेल. मी विचारलं, सडलीय कुठे ते दाखवा. त्यावर दाजी सगळ्यांसमोर म्हणाले, ‘अगं, तू कशाला यात डोकं घालतेस? तो रोज दहा गाड्या बघतो. त्याला तुझ्यापेक्षा जास्त कळतं.’ आणि वर सल्ला, की वायरिंग होईपर्यंत फ्यूजच्या जागी तांब्याची तार घाल.

हे कुणीही, कधीही करू नका. फ्यूज उडतो म्हणून वायर वाचते. तार घातली की पुढच्या शॉर्टला फ्यूजऐवजी डॅशबोर्डखालची वायर तापते, आणि तिथे कार्पेट असतं, फोम असतो, वरच्या बाजूला तुम्ही असता.

मी ज्युनिअर कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये असिस्टंट आहे. अकरावीच्या पोरांनी उलटसुलट जोडलेल्या सर्किटमध्ये घोळ कुठे आहे ते शोधणं हे माझं रोजचं काम. गाडी घेऊन चिपळूणला आले आणि रविवारी अंगणात कामाला लागले.

सारखा उडणारा फ्यूज शोधायची एक जुनी रीत आहे. ती तुम्हाला आज लागणार नाही, पण कधीतरी लागेल. फ्यूज काढायचा आणि त्याच्या दोन पिनांच्या जागी २१ वॉटचा बल्ब वायरी लावून जोडायचा. मागचे दोन्ही ब्रेकचे बल्ब काढून ठेवायचे. ब्रेक पेडल दाबून धरायचं, कारण स्विचच्या पुढच्या वायरीत करंट गेल्याशिवाय तिथला शॉर्ट दिसणार कसा? मी पेडल आणि सीट यांच्यामध्ये आप्पांची काठी अडकवली आणि सीट पुढे सरकवली. आता त्या वायरीवर ओढणारं म्हणावं असं काहीच उरलं नाही. दाजींची पट्टी होती, पण ती इतका कमी करंट खाते की तेवढ्यावर बल्ब पेटत नाही. म्हणजे बल्ब पेटला तर शॉर्ट, विझला तर शॉर्ट गेला. फ्यूज एकही फुकट जात नाही.

बल्ब आप्पांच्या हातात दिला आणि मी पुढून मागे वायरिंग हलवत निघाले. डॅशबोर्डखाली काही नाही. दाराच्या उंबऱ्याखालची पट्टी काढली, तिथेही काही नाही. मागच्या सीटखाली नाही. तासभर आप्पा ‘नाही... नाही...’ करत होते आणि मधेच पेपर वाचत होते. मग सामान काढायला म्हणून मी डिकी उघडली आणि पुढून ओरडणं आलं, ‘लागला!’ डिकी खाली घेतली, ‘गेला!’ पुन्हा वर, ‘लागला!’ शेजारचे काका गेटपाशी येऊन उभे राहिले.

डिकीच्या बिजागरीपाशी कंपनीची वायर रबराच्या नळीतून जाते. तिला ओरखडा नव्हता. पट्टीची वायर मात्र नळीतून न घेता बाहेरून, पत्र्याच्या कडेवरून नेलेली. डिकी उघडता-मिटताना ती चेपत होती, प्लास्टिक फाटून तांबं पत्र्याला लागत होतं. तिचं दुसरं टोक ब्रेकच्या वायरीला पीळ देऊन वर टेप गुंडाळलेला. ती वायर कापली, मूळ वायर जिथे सोलली होती तिथे झाळ मारून नीट बंद केली, पट्टी काढून टाकली. त्यानंतर तो फ्यूज गेलेला नाही. गाडी रिपासिंग होऊन अजून रस्त्यावर आहे, तीही मूळ वायरिंगवर.

दाजी अजून म्हणतात, ‘हिने तात्पुरतं काहीतरी केलंय, वायरिंग बदलावीच लागणार.’ परवा भाचीच्या साखरपुड्यातही म्हणाले.

तर, तुमच्या बल्बाबद्दल. नवीन बल्ब घातलात असं लिहिलंय, पण कोणता ते लिहिलं नाही. तिथे डबल पॉइंट, म्हणजे एकात दोन फिलामेंट असलेला बल्ब लागतो आणि त्याच्या दोन बाजूंच्या पिना वर-खाली असतात, म्हणजे उलटा बसू नये. होल्डर सैल झालेला असेल तर तो जोर लावून उलटाही बसतो, मग टेलच्या जागी ब्रेक आणि ब्रेकच्या जागी टेल. कुणी तिथे सिंगल पॉइंट कोंबला तर त्याची मधली टिकली होल्डरच्या तळातल्या दोन्ही टोकांना एकदम टेकते आणि ब्रेक दाबला की टेल लाईट, नंबर प्लेटचा दिवा, मीटरचा दिवा, सगळी रोषणाई होते. बल्ब बाहेर काढून एकदा बघाच.

आणि मल्टिमीटरवर ‘१२ व्होल्ट येतायत’ हे ऐकून फसू नका. एक धागा शिल्लक असलेली वायरसुद्धा मीटरला १२ दाखवते, कारण मीटर करंट जवळजवळ घेतच नाही. बल्ब लावला की तिचा जीव जातो. मीटर वापरायचाच असेल तर बल्ब जागेवर ठेवून, ब्रेक दाबून, होल्डरचा अर्थ आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यामध्ये लावा. ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा कमी आलं तर अर्थ ठीक. एक-दोन व्होल्ट दिसले तर माझंच म्हणणं खरं.

एलईडी बल्ब टाकू का, हेही विचारलंय. आधी अर्थ दुरुस्त करा. खराब अर्थावर एलईडी लागतो, कारण त्याला करंटच कमी लागतो. दुखणं मात्र तिथेच राहतं आणि पुढे इंडिकेटरला त्रास देतं. शिवाय लाल काचेमागे पांढरा एलईडी घातला की उजेड गुलाबी पडतो. आता खरं सांगायचं तर एक मुद्दा दाजींच्या बाजूचा आहे: फिलामेंट तापून पूर्ण पेटायला सेकंदाचा पाचवा भाग जातो, एलईडी तिथल्या तिथे पेटतो. ताशी ८० किलोमीटरला तेवढ्या वेळात मागची गाडी साडेचार मीटर पुढे येते. म्हणून चांगला, लाल रंगाचा आणि त्याच होल्डरात बसणारा एलईडी मिळाला तर माझी हरकत नाही. लुकलुकणारा नको. आणि वायर सोलून पीळ तर मुळीच नको.

वायरिंग बदलू नका असं वर ठासून लिहिलंय, त्याला एक अपवाद. गाडी कधी पुरात बुडालेली असेल तर गॅरेजवाला बरोबर असू शकतो. २०२१च्या जुलैत इथे कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यांच्या वायरी बाहेरून धडधाकट दिसतात, सोलल्या की आत तांबं काळं पडलेलं असतं आणि त्यावर झाळही धरत नाही. तुमच्या गाडीची एखादी वायर टोकाशी बोटभर सोलून बघा. तांबं लालसर चकचकीत असेल तर गॅरेजवाल्याला तेच दाखवा, आणि वडिलांनाही.

हे सगळं जुन्या, साध्या गाड्यांपुरतं. ज्यांत दिवे कंप्युटरवर चालतात त्या गाड्यांत फ्यूजच्या जागी बल्ब वगैरे प्रयोग करू नका.

होल्डर आतून वितळलेला निघाला तर अर्थ घासून उपयोग नाही, होल्डरच बदला. भंगारातला घेऊ नका, तोही तसाच असतो. आणि रिपासिंगला न्यायची असेल तर जाता जाता नंबर प्लेटचा दिवाही बघून घ्या. आमच्या वेळी इन्स्पेक्टरने ब्रेक लाईटकडे नुसती नजर टाकली आणि त्या दिव्यापाशी वाकून उभा राहिला.