जिम लावली, आणि जिना उतरता येईना

प्रश्न : वय ३४, वजन ७० किलो, दिवसभर खुर्चीतलं काम. गेल्या सोमवारी जिम लावली. पहिल्याच दिवशी ट्रेनरने मांड्यांचे पाच प्रकार करून घेतले; पुढचे तीन दिवस कठडा धरून जिना उतरत होतो. रोज एक अवयव असा सहा दिवसांचा तक्ता दिलाय. तोच चालू ठेवू? आणि प्रोटीन पावडर घ्यावीच लागते का?

उत्तर : तक्ता सध्या बाजूला ठेवा. छातीचा दिवस, पाठीचा दिवस ही वाटणी मुरलेल्यांची. नवख्याने आठवड्यातून तीनदा, एकाआड एक दिवस, सगळ्या अंगाचा व्यायाम करावा. एक दिवस बुडाला तरी कुठलाच भाग आठवडाभर रिकामा राहत नाही.

ठणका लॅक्टिक अ‍ॅसिडचा नव्हे. ते तासाभरात निघून जातं. सवय नसलेला स्नायू भार पेलत ताणला गेला, म्हणजे स्क्वॉटमध्ये (उठाबशीसारखा व्यायाम) खाली बसताना, की त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. तोच व्यायाम आठवड्याने केलात तर बरंच कमी दुखेल. मात्र लघवी काळ्या चहाच्या रंगाची झाली, तर वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. स्नायू फार तुटले की किडनीवर येतं.

पाचच व्यायाम पुरेत : स्क्वॉट, डंबेल बेंच प्रेस (बाकावर उताणं पडून डंबेल वर ढकलणं), लॅट पुलडाउन (मशीनचा वरचा दांडा छातीकडे ओढणं), हलक्या डंबेलने रोमानियन डेडलिफ्ट (पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकणं आणि उठणं), प्लँक (कोपरं आणि पायाची बोटं टेकून अंग फळीसारखं ताठ धरणं). पहिले दोन आठवडे प्रत्येकाचे दोन सेट (न थांबता केलेली एक फेरी म्हणजे एक सेट), मग तीन. प्लँक २०-३० सेकंद, बाकी सगळ्यांचे एका सेटमध्ये ८ ते १२ रेप्स, म्हणजे तितक्या वेळा. आणखी दोन-तीन निघाले असते असं वाटतं तिथेच थांबायचं. दोन सेटच्या मध्ये दीड-दोन मिनिटं विश्रांती, तीही घड्याळ लावून. मोबाइल हातात घेतला की दोनाची सात होतात.

स्क्वॉटसाठी बारच्या (वजनं लावायच्या लांब लोखंडी दांड्याच्या) वाटेला इतक्यात जाऊ नका. मोठा बार रिकामाच २० किलोचा असतो. सहा किलोचा एक डंबेल छातीशी उभा धरा, मागे बेंच ठेवा, बूड टेकलं न टेकलं की उठा. टाचा उचलल्या जात असतील तर बहुधा घोटे आखडलेले असतात. टाचांखाली अडीच किलोच्या प्लेट (वजनाच्या चकत्या) सरकवून बघा, लगेच फरक कळेल. गुडघे आत पडू देऊ नका, पंजाच्या दिशेनेच जाऊ द्या. तिन्ही सेटमध्ये १२ नीट निघाले की पुढच्या वेळी आठ किलोचा डंबेल. आकडे वहीत लिहा, नाहीतर महिनाभर सहावरच राहाल.

पावडर लागतेच असं नाही. तुमच्या वजनाला दिवसाला ८५ ते ११० ग्रॅम प्रोटीन हवं. नुसत्या वरणावर ते जमत नाही. वाटीभर वरणात जेमतेम पाच-सहा ग्रॅम. दोन अंड्यांत १२, शंभर ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८, पन्नास ग्रॅम कोरड्या सोया चंक्समध्ये २५ च्या आसपास. एवढं करूनही कमी पडलं तरच डबा आणा. किडनीचा त्रास असेल तर त्याआधी डॉक्टरांना विचारा.