श्रीरामपूरची बाप्तिस्त मंडळी

प्रश्न : केरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूर येथे छापले गेले, असे वाचनात आले. हे अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूर काय? तेथील बाप्तिस्त मंडळी कशी उभी राहिली?
— एक वाचक, संगमनेर

उत्तर : नाही. हे श्रीरामपूर बंगालमध्ये, कोलकात्याच्या उत्तरेस हुगळीच्या पश्चिम तीरावर आहे. पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने इंग्रज मिशनरी विल्यम केरी यांनी सिद्ध केलेले ते व्याकरण आणि १८१० चा मोडी लिपीतील मराठी कोश यांमुळे या गावाचे नाव आपल्याकडे छापखान्यासाठीच घेतले जाते. मंडळीचा, म्हणजे तेथील ख्रिस्ती चर्चच्या सभासदांच्या समुदायाचा, इतिहास मात्र मागे राहतो, याची खंत वाटते.

ईस्ट इंडिया कंपनी आपल्या मुलखात मिशनऱ्यांना थारा देत नसे. श्रीरामपूर तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात असल्याने केरी आणि त्यांचे सहकारी मार्शमन व वॉर्ड यांना तेथे आश्रय मिळाला व १८०० मध्ये मंडळी स्थापन झाली. बाप्तिस्त या ख्रिस्ती पंथात तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने दिली जाणारी ख्रिस्ती दीक्षा, देत नाहीत. कळत्या वयात स्वतः विश्वास कबूल करणाऱ्यालाच पाण्यात पूर्ण बुडवून तो दिला जातो. त्यामुळे केरी बंगालमध्ये येऊन सात वर्षे झाली, तरी पहिल्या बंगाली सभासदाची वाटच पाहावी लागली.

तो सभासद म्हणजे कृष्ण पाल हा सुतार. त्याचा हात खांद्यातून निखळला, तेव्हा डॉ. जॉन थॉमस यांनी त्याला झाडाला बांधून सांधा बसवला आणि त्या ओळखीतून तो मिशनच्या घरी येऊ लागला. डिसेंबरमध्ये त्याने आणि त्याचा मित्र गोकुळ याने मिशनरींच्या पंक्तीला बसून जेवण केले, तेव्हा जात मोडली म्हणून गावात मोठा गहजब झाला. २८ डिसेंबर १८०० रोजी हुगळीच्या घाटावर केरी यांनी आपला मुलगा फेलिक्स आणि कृष्ण पाल या दोघांना बाप्तिस्मा दिला. गोकुळ मात्र त्या दिवशी मागे सरला.

पुढे गोकुळही मंडळीत आला. १८०३ मध्ये तो वारला, तेव्हा त्याची शवपेटी मार्शमन, फेलिक्स केरी, पूर्वाश्रमीचा एक ब्राह्मण आणि पूर्वाश्रमीचा एक मुसलमान अशा चौघांनी खांद्यावरून नेली. ज्या गावात तीन वर्षांपूर्वी एका जेवणावरून लोक खवळले होते, त्याच गावाच्या रस्त्याने ती गेली.