रात्री आठ ते नऊ

“मॅडम, मुलांच्या गेमिंगवर चीनसारखा कायदा आपल्याकडे का करत नाहीत?” हा प्रश्न मी इतक्या पालकांकडून ऐकलाय की आता मोजणं सोडलं. नववीतल्या एका मुलाचे बाबाही तोच घेऊन आले. ते रात्री राउटर कपाटात कुलूपबंद करत आणि मुलगा आजीच्या मोबाइलवर बीजीएमआय हा टीमने खेळायचा लढाईचा गेम खेळे.

मी चीनचीच गोष्ट सांगितली. २०१९ मध्ये तिथे अठराच्या आतल्यांना शाळेच्या दिवशी दीड तासाची मर्यादा आली. सप्टेंबर २०२१ पासून शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सणासुदीला फक्त रात्री आठ ते नऊ. टेन्सेंट ही तिथली मोठी गेम कंपनी तर रात्री खेळणाऱ्याचा चेहरा तपासू लागली. तरी मुलं घरच्या मोठ्यांच्या खात्यांवरून खेळत राहिली. २०१९ च्या नियमाचा परिणाम संशोधकांनी अब्जावधी तासांच्या नोंदींतून तपासला. ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’मध्ये २०२३ साली आलेल्या त्या अभ्यासात, अति खेळणं घटल्याचा भरवशाचा पुरावा मिळाला नाही. नोंदींत मुलं आणि मोठी माणसं वेगळी काढता येत नव्हती, हेही खरं.

“म्हणजे तिथेही आजीचाच मोबाइल!” मुलगा पहिल्यांदा हसला.

समुपदेशनाला मी एकट्या मुलाला कधी बसवत नाही, अख्खं घर बसवते. हा माझा जुना हट्ट. म्हणून बाबांना विचारलं, “आठ ते नऊ तुमच्याकडे काय चालतं?”

“मी कामावरून येतो. क्लास, टेस्ट, मार्क विचारतो.”

“आणि तू?”

“हेडफोन घालतो.”

बराच वेळ कुणीच बोललं नाही. बाबा त्याच्याकडे पाहत राहिले. मीही मध्ये पडले नाही. अशा वेळी गप्प राहायला मला बरीच वर्षं लागली आहेत.

मग ठरलं ते इतकंच: आठ ते नऊ मार्कांचं नाव काढायचं नाही आणि बाबांनी शेजारी बसून एक तरी मॅच पाहायची. मॅच अर्ध्यावर सोडली की टीममधले बाकीचे अडकतात, म्हणून “आत्ताच्या आत्ता बंद कर” ऐवजी “ही संपली की जेवायला ये” म्हणायचं. खेळावरचा ताबा सुटला, बाकी सगळं मागे पडलं, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही आणि हे साधारण वर्षभर चाललंय, असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. या मुलाचं तसं नव्हतं.

पुढच्या भेटीत तक्रार मुलानेच केली, “बाबा पॅराशूटमधून उतरल्या उतरल्या मरतात!”

“हा नीट शिकवतच नाही, मॅडम,” बाबा म्हणाले.