रंगाचा डबा सगळ्यात शेवटी

प्रश्न : मी आणि माझा धाकटा भाऊ साउंड-लाइटचा धंदा करतो. गाडी इसुझू व्ही-क्रॉस पिकअप. पावसात स्पीकर भिजू नयेत म्हणून कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून फायबरची जुनी कॅनॉपी, म्हणजे पिकअपच्या मागच्या उघड्या हौद्यावर बसवायचं छत, साडेसहा हजारांत उचलली. वरून हात फिरवला की पांढरी पूड लागते, मागच्या कोपऱ्याला वीतभर तडा आहे, सरकत्या खिडकीतून पाणी येतं आणि मागचं दार वर टिकत नाही, डोक्यात पडतं. पेंटर म्हणतो, ‘लांबी (पुट्टी) भरून रंग मारतो, नवीकोरी दिसेल.’ आम्हाला घरीच करायचंय. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : पेंटरला चहा पाजा आणि तूर्त परत पाठवा. लांबी तडा झाकते, सांधत नाही. हौदा खड्ड्यात हलला की वरची लांबी पहिली फुटणार आणि रंगाचे पैसे तिच्याबरोबर जाणार.

आधी कॅनॉपी गाडीवर नुसती ठेवून बघा, हौद्याच्या कडांवर चारही बाजूंनी बसते का. दुसऱ्या मॉडेलची निघाली तर बाकीचं वाचायची गरज नाही, विकून टाका. बसली, तर उलटी करून आत बघा. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर फायबरच्या होड्या दुरुस्त करणारी मंडळी हेच करतात, होडीच्या पोटात आधी बॅटरी मारतात. कारण बाहेरची चकाकी म्हणजे जेलकोट, जेमतेम अर्धा मिलिमीटर. ताकद आतल्या मॅटमध्ये, म्हणजे काचतंतूंच्या चटईत असते. तड्याच्या आजूबाजूला नाण्याने ठोका. टणटणीत आवाज आला तर थर शाबूत आहेत. बद्द आला तर आतले थर सुटलेत, तेवढा भाग घासून काढावाच लागेल.

तडा आतून सांधायचा. तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडा, म्हणजे तो पुढे सरकत नाही. मग आतली बाजू दोन्हीकडे तीन-तीन इंच, 60 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. जुना रंग, कार्पेटचा गोंद, सगळं गेलं पाहिजे. घासताना मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. फायबरची धूळ अंगाला लागली की रात्रभर खाजवत बसाल, आणि छातीत गेली तर त्याहून वाईट. शेवटी अॅसिटोनने पुसा. जवळपास विडी-काडी नको.

मॅट 450 ग्रॅमची (चौरस मीटरला) घ्या. तुकडे कात्रीने न कापता हाताने फाडा. फाटलेली कड विस्कटलेली असते, ती खालच्या थरात मिसळून जाते, पायरी उठत नाही. आधी छोटा तुकडा, त्यावर मोठा, त्यावर आणखी मोठा. प्रत्येक तुकडा ब्रशने रेझिन (सुकल्यावर कडक होणारा दाट, चिकट द्रव) लावून बसवा. ब्रश ओढायचा नाही, टोचत टोचत मारायचा. पांढरी मॅट रेझिन प्यायली की डोळ्यांदेखत पारदर्शक होते. जिथे पांढरा ठिपका राहिला तिथे हवा अडकली समजा, पुन्हा टोचा.

रेझिन लवकर कडक व्हावं म्हणून कोबाल्ट घालतात, तो आधीच घातलाय का, हे दुकानदाराला विचारा. घातलेला नसेल तर आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट ढवळा आणि मगच हार्डनर (रेझिन कडक करणारा द्रव) टाका. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही मिसळू नका, भडका उडतो. हार्डनर रेझिनच्या वजनाच्या 1 ते 2 टक्के. मे महिन्याच्या उकाड्यात 1 टक्का पुरतो. डोळ्यांवर गॉगल ठेवा. हार्डनर डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धूत राहा आणि थेट डॉक्टर गाठा. थोडं थोडं कालवा, तेही पसरट भांड्यात. खोल मगात भरलेलं रेझिन आपसूक तापतं आणि धूर सोडतं. आणि हे सगळं पावसाळ्याआधी उरका. दमट हवेत रेझिन धड सुकत नाही.

तडा कोपऱ्यालाच का गेला, तेही शोधा. बहुतेकदा कॅनॉपी हौद्याला धरून ठेवणारा क्लॅम्प एका बाजूला कचकचून आवळलेला असतो. हौद्याच्या कडेवर फोमची रबरी पट्टी लावा, सगळे क्लॅम्प थोडे थोडे, आळीपाळीने आवळा.

खिडकी लगेच उचकटू नका. सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीत पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात. मुंबईची धूळ त्यांत घट्ट बसते, मग पट्टीतलं पाणी आत सांडतं. तार घालून साफ करा. मग भावाला टॉर्च देऊन आत बसवा आणि बाहेरून पाइपने पाणी मारा, खालून वर सरकत. वरून सुरुवात केलीत तर पाणी नेमकं कुठून शिरतंय ते कळणार नाही. फ्रेमच्या कडेनेच येत असेल तर फ्रेम काढून नवी ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) लावा. सिलिकॉन फासायचा मोह होईल, पण त्याच्या डागावर पुढे रंग धरत नाही.

दाराला नवे गॅस शॉकर, म्हणजे दार वर धरून ठेवणारे दांडे, लागतील. जुन्याच्या अंगावर न्यूटनमध्ये आकडा छापलेला असतो. तो आणि टोकापासून टोकापर्यंतची लांबी लिहून न्या. बसवताना दार बंद असेल तेव्हा दांडी खाली यायला हवी. जुना शॉकर कापू नका, जाळू नका, आत दाबाखालचा वायू असतो.

आता ती पूड. 800, 1200, 2000 असा वॉटर पेपर पाण्यात भिजवून, मग रबिंग कंपाउंड, मग वॅक्स. घासताना फायबरची जाळी दिसायला लागली की थांबा, जेलकोट संपला. तसं झालं तरच रंगाचा विचार, आणि तेव्हा पेंटरला बोलवा. टू-के पीयू (हार्डनर मिसळून मारायच्या पॉलियुरेथेन) रंगाची वाफ फुप्फुसाला फार वाईट, चाळीच्या गच्चीवर मारायचा तो प्रकार नाही.

बसवण्याआधी आरटीओत विचारून या. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार आरसीवरचा तपशील कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलाशी जुळेनासा होईल, असा बदल गाडीत करता येत नाही. कॅनॉपीचं वजनही मालाच्या वजनात धरा. आणि कार्यक्रमाहून परतताना मुलांना आत झोपवू नका. चालत्या गाडीमागे सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो.

प्रश्न : फायबरच्या टाकीला ठिगळ लावलं, दोन दिवस झाले तरी हाताला चिकटतं. वरून हार्डनर मारू का?
– एक वाचक, घाटकोपर

उत्तर : नको. नख दाबून बघा. आत कडक आणि फक्त वर चिकट असेल तर तो हवेचा परिणाम, अॅसिटोनने पुसा आणि घासून टाका. पुढच्या वेळी शेवटच्या थरावर पॉलिएस्टरची फिल्म ताणून बसवा. नख आत रुतत असेल तर हार्डनर कमी पडला. ते ठिगळ खरवडून काढा आणि नव्याने लावा.