खिमा-पालेभाजीचा पास्ता: कुठलं पाणी घालवायचं, कुठलं ठेवायचं

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. नाशिकच्या अंबडहून घरी पोचायला साडेसात, दोन मुलं, 'रात्रीच्याला मैदा नको' म्हणणारे सासरे. खिमा-पालक घालून पास्ता केला की खाली गोळा आणि वर पाणी, शिवाय मुलं पालक वेचून ताटाच्या कडेला लावतात. रविवारचा बेत नको, कामाच्या दिवशी रात्री होईल असं हवंय, आणि बाटलीतला सॉस घालायचा नाही. पाऊण तासात हे सगळं जमतं. आदल्या रात्री पालेभाजी निवडून ठेवली असेल तर त्याहून लवकर.

या जेवणात तीन ठिकाणचं पाणी येतं: खिम्याचं, पालेभाजीचं आणि पास्ता शिजवल्याचं. पहिली दोन पाणी आटवून घालवायची आणि तिसरं जपून ठेवायचं. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमच्याकडे नेमकं उलटं होतंय. खिमा आणि पालक आपापल्या पाण्यात शिजतायत आणि पास्त्याचं पाणी चाळणीतून मोरीत जातंय. त्या पाण्यात पास्त्याचा स्टार्च उतरलेला असतो. तेल आणि पाणी एकजीव करून रस दाट करायचं काम तोच करतो. आपल्या वरणफळांत कणकेचा अंश वरणात उतरतो आणि वरण आपोआप मिळून येतं ना, तसंच इथे होतं. म्हणून व्हाइट सॉस लागत नाही, बाटलीही लागत नाही.

आता सासऱ्यांच्या मैद्याबद्दल. पास्ता घेताना पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा. तिथे 'डुरम व्हीट सेमोलिना' किंवा डुरम गव्हाचा रवा असं लिहिलेलं हवं. डुरम हा कडक, पिवळसर दाण्याचा गहू. त्याचा पास्ता शिजल्यावरही आकार धरून राहतो. इटलीत 1967 पासून कायद्यानुसार तिथला सुका पास्ता डुरमचाच असावा लागतो. आपल्याकडे सुटी किंवा स्वस्तातली मॅकरोनी बऱ्याचदा मैद्याची असते, ती दोन मिनिटं जास्त उकळली की लगदा होतो. तुमच्या गोळ्याचं निम्मं कारण तिथेच असू शकतं. सासरे रव्याचा उपमा आणि शिरा खात असतील तर डुरमच्या पास्त्याला नाही म्हणायचं कारण नाही. पाकीट त्यांनाच वाचायला द्या.

चार माणसांना 350 ग्रॅम पास्ता, 300 ग्रॅम खिमा आणि निवडलेली 250 ग्रॅम पालेभाजी पुरते. आकार पेने (तिरप्या कापाच्या नळ्या) किंवा फुसिली (पिळाचे तुकडे) घ्या. स्पॅगेटीत खिमा अडकत नाही, सगळा ताटात खाली उरतो.

मटणाचा खिमा चवीला सरस, यात मला शंका नाही. पण बोकडाचा खिमा मऊ व्हायला वेळ घेतो, आणि साडेसातनंतर तो वेळ तुमच्याकडे नाही. रविवारी कुकरमध्ये अर्धी वाटी पाणी घालून तीन-चार शिट्ट्या काढा, झाकण उघडून सगळं पाणी आटवा आणि एका वेळेपुरते भाग करून फ्रीजरमध्ये ठेवा. ते होणार नसेल तर सरळ चिकनचा खिमा आणा, तो सात-आठ मिनिटांत पूर्ण शिजतो.

आपल्या घरांत खिमा आणला की धुतात, आणि सगळी गडबड तिथे सुरू होते. बारीक केलेलं मांस पाणी धरून ठेवतं. असा खिमा कढईत पडला की आधी उकळतो, राखाडी होतो आणि रबरासारखा लागतो. पाणी आटेपर्यंत कढईतलं तापमान शंभर अंशांच्या वर जातच नाही, आणि खरपूसपणा येतो तो त्याच्या बराच वर. शिवाय नळाखाली कच्चं मांस धुताना उडालेले थेंब ओट्यावर आणि भांड्यांवर जातात, त्यातून जंतू पसरतात. तेव्हा दुकानदारालाच सांगा की अख्खा तुकडा धुऊन, पुसून, मग मशीनला लावा. मांडीचा घ्या, थोडी चरबी राहू द्या. घरी आणल्यावर धुऊ नका.

घरी आल्या आल्या खिम्याला एवढंच चोळा: एक मोठा चमचा बडीशेप खलबत्त्यात जाडसर कुटून, पाच-सहा लसूण पाकळ्या ठेचून, पाऊण छोटा चमचा मीठ, अर्धा चमचा मिरी आणि एक सुकी लाल मिरची चुरडून. गरम मसाला नको, हळद नको, आलंही नको. इटालियन सॉसेजची (खिमा भरलेल्या नळीची) जी ओळखीची चव आहे ती बडीशेपेची आहे, आणि ती आपल्या प्रत्येक डब्यात असते. मिठामुळे खिमा थोडा चिकट होतो आणि आपला रस धरून ठेवतो, म्हणून हातपाय धुऊन चहा होईपर्यंत तो तसाच फ्रीजमध्ये राहू द्या. मसाला चोळलेला खिमा पिशवीत बोटभर जाडीचा पसरून गोठवला तरी चालतो. सकाळी निघताना फ्रीजरमधून काढून खालच्या कप्प्यात ठेवला की संध्याकाळी तयार. तो दिवसभर ओट्यावर मात्र कधीच ठेवून जाऊ नका, त्यातून एप्रिल-मे मधला नाशिकचा उन्हाळा मांसाला क्षमा करत नाही.

पालेभाजीवर जरा जास्त लिहिते, कारण नाशिकमध्ये राहून फक्त पालकावर थांबणं मला पटत नाही. हा पदार्थ मुळात दक्षिण इटलीतल्या पुलिया प्रांताचा. तिथे सलगमाच्या जातीची एक कडसर पालेभाजी लसूण आणि मिरचीबरोबर पास्त्यात घालतात, काही घरांत सॉसेजही पडतं. ती भाजी मोहरीच्या कुळातली. आपल्याकडे त्याच कुळातली, जवळपास फुकट मिळणारी भाजी म्हणजे मुळ्याचा पाला. बुधवारी गंगेवरच्या (गोदाकाठच्या) बाजारात मुळा घेतला की पाला मोडून टाकायच्या आत सांगा, राहू द्या. कोवळा बघून घ्या, जून पाल्याची पानं खरखरीत लागतात. फ्लॉवरची आतली कोवळी पानं आणि त्यांचे देठही याच कामाचे. ती आपण गड्ड्याबरोबर विकत घेतो आणि घरी आल्यावर फेकतो, याचं मला फार वाईट वाटतं.

थंडीत मेथी सगळ्यात छान. डिसेंबर-जानेवारीत जुड्या स्वस्त होतात आणि तिचा कडूपणा बडीशेपेशी सुंदर जुळतो. मेथीबरोबर मूठभर बेदाणे घालून बघा. सिसिलीतही पास्त्यात बेदाणे घालतात, आणि द्राक्षांच्या जिल्ह्यात ते घरात असतातच. मुलांना कडू घासात मध्येच गोड लागतं. तांदुळजा, चवळई, चाकवत चालतात. आंबटचुका घातला तर लिंबू पिळू नका. लाल माठाने सगळा पास्ता गुलाबी होतो, चवीला काही बिघडत नाही. शेपू घालू नका, तो बाकी कुणाला बोलू देत नाही.

मुलं पालक वेचतात कारण पानं मोठी असतात आणि शिजून त्यांची ओली दोरी होते. पाला धुऊन, चाळणीत निथळून, कोरड्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा, आणि संध्याकाळी मेथीच्या ठेपल्यांसाठी चिरतो तितका बारीक चिरा. तो खिम्याला चिकटतो आणि वेचता येत नाही. सुरुवात पालकाने करा, मग प्रत्येक वेळी थोडी थोडी मेथी वाढवत न्या.

आता प्रत्यक्ष रात्र. आल्याबरोबर तीन लिटर पाणी मोठ्या गॅसवर ठेवा, कारण या सगळ्यात सर्वांत जास्त वेळ तेच खातं. खळखळून उकळलं की सपाट दीड मोठा चमचा मीठ. तेल घालू नका, ते वर तरंगतं आणि त्याने पास्ता सुटा होत नाही. पास्ता चिकटतो तो पहिल्या दोन मिनिटांत, वरचा स्टार्च फुगत असताना, म्हणून ती दोन मिनिटं उलथनं घेऊन तिथेच उभ्या राहा. नंतर अधूनमधून ढवळलं तरी पुरे.

पाकिटावर 11 मिनिटं लिहिलं असेल तर नवव्या मिनिटापासून एकेक तुकडा दाताखाली बघायला लागा. आपण समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटरवर आहोत, इथे पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे मिनिटभर इकडे तिकडे होणारच. घड्याळापेक्षा दातावर विश्वास ठेवा. तुकडा चावल्यावर मध्ये बारीक पांढरा ठिपका दिसतोय, अशा वेळी गॅस बंद. पुढचं शिजणं कढईत होणार आहे.

पाणी तापत असतानाच दुसऱ्या शेगडीवर रुंद कढई चांगली तापवा. तीन मोठे चमचे तेल. ऑलिव्ह तेल असलं तर छान, नसलं तर साधं रिफाइंड शेंगदाणा तेल. घाण्याचं तेल इथे नको, त्याचा वास बडीशेपेला दाबतो. खिमा कढईभर पातळ पसरा आणि तीन मिनिटं हात लावू नका. आपला हात सारखा परतायला धावतो, पण थांबा. खालची बाजू तपकिरी झाली, वास बदलला, की मोठे मोठे तुकडे उलटवा आणि मग फोडा. रविवारी शिजवून ठेवलेला मटणाचा खिमा असेल तर बडीशेप-लसूण आता लावा आणि तोही असाच खरपूस करा, फक्त मीठ आधी घातलं होतं का ते आठवून घाला. खिमा पुरेसा खरपूस झाला की कडेला सारून मधल्या तेलात आणखी चार-पाच पाकळ्या लसणाचे काप टाका, सोनेरी होऊ द्या. लाल झाले तर कडू लागतात.

पालक किंवा मेथी असेल तर आता मोठ्या गॅसवर, झाकण न ठेवता, दोन टप्प्यांत घाला. पालकात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. झाकण ठेवलं की ते सगळं कढईत उतरतं आणि तुमच्या तक्रारीतलं पाणी तयार होतं. उघड्या कढईत ते दोन-तीन मिनिटांत उडून जातं. मुळ्याचा पाला किंवा फ्लॉवरची पानं जाड असतात, ती इथे घालू नका. पुलियात करतात तसं करा: पास्ता व्हायला तीन मिनिटं उरली की ती त्याच पातेल्यात टाका, दोन्ही एकत्र शिजतात, एक भांडं वाचतं आणि कडूपणाही थोडा पाण्यात जातो.

पास्ता गाळायच्या आधी दोन वाट्या पाणी बाजूला काढून घ्या. हे विसरू नये म्हणून चाळणीतच वाटी ठेवून द्या, म्हणजे चाळणी उचलताना ती हाताला लागेल. निथळलेला पास्ता थंड पाण्याखाली धरू नका, वरचा स्टार्च धुऊन जातो आणि मग कशालाच काही चिकटत नाही. तसाच गरम कढईत टाका, वाटीभर राखलेलं पाणी घाला, गॅस मोठा करा आणि दोन मिनिटं जोरात हलवा. सुरुवातीला फार पातळ दिसेल, घाबरू नका. बघता बघता तेल आणि पाणी मिळून येतं आणि प्रत्येक तुकड्यावर चकाकी चढते. कोरडं वाटलं तर आणखी थोडं पाणी. गॅस बंद करून अर्ध्या लिंबाचा रस. कढई लोखंडी असेल तर लिंबू तिच्यात पिळू नका, ताटात पिळा. पालेभाजीही लोखंडात फार वेळ ठेवली की काळी पडते, तेव्हा लगेच वाढून घ्या.

चीजचं म्हणाल तर मुलांसाठी एक क्यूब किसून शेवटी घातला तरी हरकत नाही. पण माझं मत विचाराल तर चीजऐवजी पावाचा चुरा घाला. दक्षिण इटलीत गरिबाघरी चीज परवडत नसे तेव्हा शिळ्या पावाचा चुरा तेलात कुरकुरीत करून वर भुरभुरत, आणि आजही आवडीने घालतात. कालचा लादी पाव हाताने चुरडून चमचाभर तेलात, लसणाच्या एका पाकळीबरोबर बारीक गॅसवर परता. मुलं त्या चुऱ्यासाठी पुन्हा ताट पुढे करतात. हा चुरा बरणीत दोन-तीन दिवस कुरकुरीत राहतो, पावसाळ्यात मात्र त्याच दिवशी संपवा.

घरात कुणी सोमवार किंवा गुरुवार पाळत असेल, किंवा श्रावण असेल, तर खिम्याच्या जागी उकडलेले काबुली चणे घ्या, निम्मे अख्खे आणि निम्मे चमच्याने दाबून. पुलियात चण्याचा पास्ताही जुना आहे, ती काही नाइलाजाची जोड नाही. बडीशेप, लसूण, मिरची तीच, आणि चणेही तेलात तसेच खरपूस करायचे.

डब्याचं शेवटी विचारलंयत. उरलेला पास्ता रात्रभरात सगळा रस पिऊन टाकतो, म्हणून सकाळी कढईत तीन-चार चमचे पाणी आणि थेंबभर तेल घालून मिनिटभर वाफ येईपर्यंत गरम करा आणि मगच डब्यात भरा. चुरा वेगळ्या छोट्या डबीत द्या.