आकाशकंदिलावर स्टेन्सिलने रंगवताना रंग कडेखाली का पसरतो? आणि वर मारलेला ठसा का पुसला जातो?

रंगात पाणी अजिबात घालू नका आणि ब्रशऐवजी स्पंज वापरा, रंग पसरणं तिथेच थांबेल. पातळ रंग स्टेन्सिल आणि कागदाच्या फटीत आपोआप ओढला जातो. नाशिकरोडला सुट्टीत मुलांचे वर्ग घेते, तिथे रोज हेच पाहते. स्पंज ॲक्रिलिकमध्ये टेकवा, मग रद्दीवर दोन-चारदा ठोका. कोरडा वाटू लागला की स्टेन्सिलवर सरळ वरून टिपा, घासू नका. स्टेन्सिलला जुनी एक्स-रे फिल्म उत्तम, धुऊन पुन्हा वापरता येते.

ठशाचं कारण वेगळं आहे. ॲक्रिलिक वाळलं की प्लॅस्टिकसारखा थर होतो, त्यात पॅडची साधी शाई मुरत नाही. म्हणून ठशालाही ॲक्रिलिकच लावा आणि रबरी ठसा लगेच धुवा. भेंडी आडवी कापून तिचा ठसा मारून बघा, पाच पाकळ्यांचं इतकं सुरेख फूल उमटतं! पेन्सिलमागच्या खोडरबराने जांभळे ठिपके दिले की द्राक्षांचा घड तयार. भेंडी मात्र आधी कापडाने टिपून घ्या, चिकट रस राहिला तर पाकळ्या फिसकटतात.

हे जाड कार्डशीट आणि हँडमेड कागदासाठी आहे. पतंगी कागद ओल्या रंगाने सुरकुततो, त्यावर कापलेली नक्षी चिकटवलेलीच बरी.