शाळा तोंडी म्हणते, ‘मुलाला दुसरीकडे न्या’. ऑटिझम असलेल्या मुलांचे आम्ही बारा पालक ठाण्यात एकत्र आलो आहोत. मोर्चा काढावा की वकील करावा?

दोन्ही नंतर. आधी शाळेच्या कार्यालयात अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या.

तुम्ही लिहिलंय की मुलगा दुसरीत आहे, निदान स्वमग्नतेचं (ऑटिझमचं) आहे, आणि मुख्याध्यापिका दोनदा म्हणाल्या, ‘आमच्याकडे सोय नाही, स्पेशल स्कूल बघा.’ हे सगळं तोंडी. उद्या शिक्षण विभागाने विचारलं तर शाळा म्हणेल, आम्ही असं बोललोच नाही, आणि तुमच्या हातात काही नसेल.

अर्ज एक पानाचा ठेवा, दोन प्रती काढा. एक शाळेला, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही. शाळा घेत नसेल तर स्पीड पोस्टने पोचपावतीसह पाठवा आणि ट्रॅकिंगचं पान त्याच आठवड्यात छापून ठेवा, पुढे ते दिसेनासं होतं. मजकुरात ‘कृपया समजून घ्या’ नको. दोनच गोष्टी लिहा. एक, अमुक तारखेला आपण असं सांगितलंत, तो शाळेचा निर्णय असेल तर कारणांसह लेखी कळवावा. दोन, निर्णय नसेल तर पुढील सोयी द्याव्यात. आणि सोयी नेमक्या लिहा: पंखा आणि दार यांपासून लांबची ठरलेली जागा, दिवसाचं चित्रांचं वेळापत्रक बाकावर चिकटवलेलं, प्रार्थनेचा लाऊडस्पीकर लागतो तेव्हा वर्गात थांबायची मुभा, परीक्षेला तासामागे २० मिनिटं जादा. ‘विशेष लक्ष द्यावे’ असं लिहिलंत तर शाळा ‘देतोच आहोत’ म्हणून मोकळी होते. उत्तरासाठी १५ दिवस द्या. बहुतेक शाळा नकार लेखी देतच नाहीत, कारण तो कागद त्यांच्याच विरुद्ध पुरावा होतो. त्यामुळे पुष्कळदा प्रकरण इथेच निवळतं.

एक सापळा आहे. ‘शॅडो टीचर (वर्गात मुलाशेजारी बसून त्याला मदत करणारा) तुमच्या खर्चाने आणा, मग ठेवू’ असं शाळा सुचवते. परवडत असेल तर आणायचा की नाही ते तुम्ही ठरवा, पण ‘आम्ही देऊ’ असं अर्जात लिहू नका. एकदा लिहिलं की ती प्रवेशाची अट होऊन बसते.

कायदा कुठला लावायचा, यात लोक हमखास चुकतात. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १६ प्रमाणे आठवीपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. पण बालवाडीतल्या मुलासाठी हे कलम टेकू देत नाही. शिवाय २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा या कायद्याबाहेर आहेत, आणि ठाण्यातल्या कितीतरी कॉन्व्हेंट शाळा त्यात मोडतात. म्हणून अर्जात दिव्यांग हक्क कायदा, २०१६ चं कलम १६ सुद्धा घाला. योगायोगाने आकडा तोच आहे, त्यामुळे कायद्याचं नाव पूर्ण लिहा. शासनाची मान्यता किंवा अनुदान असलेल्या संस्थांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी कराव्यात, हे त्यात आहे.

पण त्याआधी बाराही जणांकडे मुलाचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्र, आहे का ते बघा. खासगी डॉक्टरचा रिपोर्ट कितीही जाड असला तरी सरकारी टेबलावर तो दिव्यांग प्रमाणपत्राची जागा घेत नाही. कार्ड आणि प्रमाणपत्र दोन्हींसाठी अर्ज ‘स्वावलंबन’ पोर्टलवर करायचा. जिल्हा निवडताना जपून. वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात, खारघर, कामोठे, पनवेल रायगडमध्ये. तुमच्या गटातले दोघे खारघरचे आहेत. ‘नवी मुंबई म्हणजे ठाणे’ असं धरून त्यांनी अर्ज केला तर तो चुकीच्या जिल्ह्यात अडकेल.

प्रमाणपत्रासाठीची तपासणी इसा (ISAA) या स्वमग्नता मोजण्याच्या भारतीय मापनश्रेणीवर होते. ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण. एकूण ७० च्या खाली आले तर स्वमग्नता धरत नाहीत. ७० गुणांपासून किमान ४० टक्के दिव्यांगत्व धरतात आणि बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासूनच सुरू होतात. निम्मी माहिती पालकांच्या तोंडूनच घेतली जाते, आणि तिथे आई-बाबा मायेपोटी ‘तसं त्याला सगळं समजतं हो’ म्हणून गुण कमी करून घेतात. चांगला दिवस सांगू नका, नेहमीचा सांगा. आधीचे दोन आठवडे वहीत नोंदी ठेवा: झोप किती वेळा मोडली, किती वेळा आदळआपट झाली आणि कशाने, नाव घेतल्यावर कितव्या हाकेला बघितलं. प्रमाणपत्रावर प्रकार ‘स्वमग्नता’ असा छापलाय ना, हे खिडकीवरच वाचा. तिथे फक्त ‘बौद्धिक अक्षमता’ आलं तर दुरुस्तीला पुन्हा खेटे. तात्पुरतं असेल तर संपण्याची तारीख कॅलेंडरवर टाका.

आता बारा जणांचं बळ कुठे लावायचं? शाळेच्या बाबतीत संयुक्त पत्र देऊ नका. बारा सह्यांच्या पत्राला एकच आवक क्रमांक मिळतो आणि एकच ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’. ज्याची त्याची शाळा, ज्याचा त्याचा अर्ज, पण सगळ्यांचे एकाच दिवशी, आणि प्रत महापालिकेच्या शिक्षण विभागाला.

एकत्र यायची जागा म्हणजे महापालिकेचा पैसा. स्थानिक संस्थांनी उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखायचा असतो. माहिती अधिकारात विचारा: गेल्या आर्थिक वर्षातली तरतूद, प्रत्यक्ष खर्च, योजनानिहाय लाभार्थी, त्यांत स्वमग्नता असलेले किती. आपल्या राज्यात अर्जाला १५० शब्द आणि एकच विषय अशी मर्यादा आहे, फी १० रुपये. ३० दिवसांत उत्तर नाही तर पहिलं अपील, त्याला २० रुपये. अर्ज दिवाळीच्या आसपास टाका. अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडलं जातं, त्यानंतर आकडे मिळून उपयोग काय? मागणीही ठोस असू द्या. वाशीला नवी मुंबई महापालिकेचं ईटीसी केंद्र, म्हणजे दिव्यांगांसाठीचं शिक्षण-प्रशिक्षण केंद्र, आहे. पालिका असं केंद्र चालवू शकते, हे ठाण्यात सांगायला याहून जवळचा दाखला नाही.

शाळेने आणि शिक्षण विभागाने दाद दिली नाही तर पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. तिथे फक्त शाळेला प्रतिवादी करू नका, शिक्षण विभागालाही करा. आयुक्त शिफारस करतात, आणि सरकारी यंत्रणेला त्यावर तीन महिन्यांत काय केलं ते कळवावं लागतं; मान्य नसेल तर कारण द्यावं लागतं. आवक शिक्के मारलेल्या त्या प्रती तिथे जोडायच्या. वकील करायचाच तर या टप्प्यावर करा, तोवर त्याच्या फाइलला पुरेसे कागद झालेले असतील.

गटात कुणाचं मूल अठराच्या जवळ आलं असेल तर त्यांचं काम वेगळं आहे. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करायचा. अठरानंतर आई-बाबा आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत आणि हे बँकेच्या खिडकीवर कळतं. नेमणूक झाल्यावर सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते, पुढे दरवर्षी हिशेब.